डोळा मारलेलं वाक्य

९ मार्च

प्रिय धाकट्या,

परवा मधेच फोन ठेवून दिला म्हणून रागावू नकोस. फोनवर मी रडते आणि तू गप्प बसतोस, त्यात कुणाचंच काही सांगून होत नाही. म्हणून पत्र.

यांना जाऊन आज बारा दिवस झाले. सोमवारी मी पाणीपुरवठा खात्याच्या कचेरीत यांचं सामान आणायला गेले होते. एकोणतीस वर्षं ज्यावर यांनी नळांचे नकाशे काढले ते तिरकं टेबल अजून तसंच आहे. सामान म्हणजे तरी काय, पट्ट्या, गुण्या, पेनांची डबी आणि कोपरावर विरलेला एक स्वेटर. शिपायाने सगळं खोक्यात नीट भरून ठेवलं होतं.

नकाशा विभागाच्या फळ्यावर तुमच्या पेपरातलं कात्रण टाचलेलं होतं. 'स्मरण' सदरातलं, यांच्यावरचं. तू लिहिलंयस हे मला ठाऊक होतं, पण तेव्हा पेपर हातात धरवत नव्हता. तिथेच उभी राहून वाचलं. चांगलं लिहिलंयस. यांचं अक्षर, यांचा हात, नळ कुठे फुटला असेल ते नकाशा न उघडता कसे सांगायचे, सगळं आलंय. शेवटून दुसऱ्या ओळीखाली मात्र कुणीतरी लाल पेन्सिलीने रेघ मारली होती.

"दिवसभर सरळ रेषा ओढणाऱ्या या माणसाला संध्याकाळी मात्र वळणाच्या वाटा आवडत."

मागे वळले तर दोन तरुण ड्राफ्ट्समन हसत होते. मला बघून थांबले. एकाने खुर्ची पुढे केली. मी बसले नाही.

हे वाक्य तुझं आहे, की वरच्या कुणी घातलं? तेवढं कळव.

तुझी
ताई

१४ मार्च

प्रिय ताई,

वाक्य माझंच आहे. दुसऱ्या कुणाच्या माथी मारायचा मोह झाला होता, पण तू लहानपणापासून माझं खोटं पकडत आलीयेस.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट तुला सांगतो, म्हणजे मी ते का लिहिलं ते कळेल. मी पहिल्यांदा मृत्युवार्ता लिहायला बसलो तेव्हा आमच्या जुन्या उपसंपादकांनी मला शेजारी बसवून घेतलं. म्हणाले, "गेलेल्या माणसाचं वाईट छापायचं नाही आणि खोटंही छापायचं नाही. मग राहिलं काय? डोळा मारायचा." म्हणजे चिक्कू माणसाला 'काटकसरी' म्हणायचं, भांडकुदळाला 'स्पष्टवक्ता', आणि ज्याच्यापासून बायका चार हात लांब राहत त्याला 'रसिक'. वाचकाला कळतं, वकिलाला सापडत नाही आणि घरच्यांना ते कौतुक वाटतं. अशा वाक्याला आम्ही मिचकावणी म्हणतो. पेपरचं पान जुळवणारा रोज विचारतो, "आज किती मिचकावण्या?" यात माझा हातखंडा आहे, ताई. लोक माझं सदर त्यासाठीच वाचतात.

भाऊजी घेतात हे सगळ्या गावाला माहीत होतं. मी ते पार झाकलं असतं तर लोक म्हणाले असते, मेहुण्याने पांघरूण घातलं. म्हणून मायेनेच एक ओळ टाकली, आणि ती चांगली जमली याचा मला आनंदही झाला, कबूल करतो.

आणखी एक सांगतो. ते वाचून पहिले भाऊजीच हसले असते. तुला ठाऊक नाही, आमचं दोघांचं एक गुपित होतं. जेवायला बसलो की तुझी पाठ वळायचा अवकाश, ते माझ्याकडे बघून डोळा मारायचे. मग मीही मारायचो. पाच-सहा वर्षं हे चाललं होतं, एका शब्दाने न बोलता. मला वाटायचं ते म्हणतायत, तुझ्या बहिणीला कळू देऊ नकोस. मी कधी कळू दिलं नाही.

चुकलं असेल तर कान उपट. पण गप्प बसू नकोस.

तुझा
धाकटा

२२ मार्च

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. आता तुला सांगितल्यावाचून गत्यंतर नाही.

यांनी जन्मात दारूचा घोट गिळला नाही. तोंडात घ्यायचे, गिळायचे नाहीत. रोज कचेरीला निघताना मोरीत उभे राहून चूळ भरायचे, थुंकायचे आणि दोन थेंब कॉलरला लावायचे. पहिली बाटली तीन वर्षं पुरली. दुसरी अजून अर्धी आहे, माझ्या औषधांच्या डब्यामागे. असा दारुडा तू बघितलायस का कुठे?

सहा वर्षांपूर्वी एके दिवशी यांच्या हातून रेघ हलली. यांच्या हातून रेघ हलणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. मग चालताना तोल जायला लागला, हातातला पेला सांडायला लागला, जीभ जड झाली. आम्ही तुम्हाला कुणाला न सांगता मोठ्या इस्पितळात गेलो. आजाराचं नाव हंटिंग्टन. मेंदूचा आहे. हातपाय, चेहरा आपल्या मनाने हलतात, हळूहळू चालणं जातं, बोलणं जातं, शेवटी समजही जाते. त्यावर औषध नाही. यांचे वडील पन्नाशीत वेड्यांच्या इस्पितळात गेले होते ना, ते वेडे नव्हते हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

डॉक्टरांनी विचारलं, "मुलं किती?" हे म्हणाले, "एक मुलगी." डॉक्टर म्हणाले, "आई किंवा वडिलांना असेल तर मुलांत दोनातल्या एकाला होतो." म्हणजे काटा की छापा.

परतीच्या बसमध्ये हे खिडकीबाहेर बघत बोलले, "दारुड्याची मुलगी म्हणून आपल्या मुंगीला चार लोक नावं ठेवतील. पण हे कळलं तर ती रोज सकाळी उठून स्वतःचे हात बघेल. त्यापेक्षा मी दारुडा बरा." मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी बाटली मीच आणली. लोकांना फार पटवावं लागलं नाही. असलं लोकांना लगेच पटतं. कचेरीतही बरं पडलं, कारण दारुड्यावर साहेब ओरडतो पण त्याला घरी बसवत नाही. शेवटची दोन वर्षं यांना फक्त जुने नकाशे शोधून द्यायचं काम होतं, तेवढं यांनी निभावलं. गेले तेही कचेरीच्या मागच्या पायऱ्यांवरून पडून, दुपारी, लख्ख उजेडात.

आता तुझा डोळा. ते डोळा मारत नव्हते रे. तो आपोआप मिटायचा. डावा. दमले की जास्त. भिंतीकडे बघूनही मिटायचा. तू उलट डोळा मारून हसायचास, आणि तू गेलास की हे म्हणायचे, "तुझ्या भावाला वाटतं आमचं काहीतरी गुपित आहे. वाटू दे. माझ्याकडे बघून मनापासून हसणारा तो एकटाच आहे."

उचलली लेखणी, लावली कागदाला, असं केलंस तू. पण तुला बोल तरी कुठल्या तोंडाने लावू? सहा वर्षं आम्ही दोघांनी जे गावाच्या गळी उतरवलं तेच तू छापलंस. म्हणून सांगते, दुरुस्ती वगैरे छापू नकोस. हे पत्र फाडून टाक. मुंगीच्या कानावर यातलं अक्षर जाता कामा नये.

ताई

३० मार्च

प्रिय मामा,

माझं पत्र बघून तुला नवल वाटेल. बाबांच्या वेळी मी एक दिवस येऊन गेले तेव्हा तुझ्याशीही धड बोलले नाही. कुणाशीच बोलायचं नव्हतं. आई म्हणत होती पाय घसरला, शेजारी म्हणत होते पाय घसरला, आणि सगळे एकमेकांची नजर चुकवत होते.

तुझं कात्रण मला मैत्रिणीने पाठवलं. मी इथे कपड्यांच्या कारखान्यात कटिंगला आहे, आईने सांगितलं असेलच. माझ्या टेबलाच्या काचेखाली ते कात्रण ठेवलंय. तू एकट्यानेच खरं लिहिलंस, आडून का होईना.

तुला हे माहीत नसेल. नोंदणी कचेरीत माझं लग्न झालं तेव्हा मी आईला लिहिलं होतं, बाबांना आणू नकोस, सासरच्या माणसांसमोर ते झुलायला लागले तर मी मान वर करू शकणार नाही. आई एकटी आली. तिच्याबरोबर बाबांनी चिठ्ठी दिली होती, "सुखी राहा." एवढंच, आणि अक्षर असं की जणू शाईत बुडालेलं झुरळ कागदावरून चाललंय. माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा पिऊन लिहिलं म्हणून मी ती फाडून टाकली. त्याआधी मी घर सोडलं तेव्हा ते बस सुटेपर्यंत स्टँडवर उभे होते. मी खिडकीतून बघितलं तर त्यांनी मला डोळा मारला. मुलगी घर सोडून चाललीय आणि बाप डोळा मारतोय. तेव्हापासून दोन वर्षं मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

आता ते गेल्यावर मला अपराधी वाटतं. मग मी काचेखाली बघते, तुझं वाक्य वाचते, आणि जरा कमी वाटतं. त्यासाठी हे पत्र.

अजून एक. मला पाचवा महिना लागलाय. आईला इतक्यात सांगू नको, मी आल्यावर सांगेन. उद्या मूल विचारेल आजोबा कसे होते. तू शब्दांचा माणूस आहेस. त्याला सांगता येईल असं एखादं वाक्य मला करून दे, तसंच, खोटं नाही आणि वाईटही नाही.

तुझी
मुंगी

६ एप्रिल

प्रिय ताई,

तुझं पत्र मी फाडलं नाही.

मुंगीचं पत्र आलंय, ते सोबत पाठवतोय. ते मी तुला दाखवावं असं तिला वाटणार नाही, तिने तर एक गोष्ट तुला सांगू नको असंच लिहिलंय. तू वाच. माझ्या वाक्याचं तिने काय केलंय ते बघ. बापावरचा राग कमी पडायला लागला की ती माझं वाक्य वाचून तो परत भरून घेते.

चार दिवस मी तिला उत्तर लिहायला बसतोय. पहिल्या कागदावर लिहिलं, "तुझे बाबा फार सोशिक होते." वाचलं आणि माझं मलाच कळलं, हीसुद्धा मिचकावणीच. दुसऱ्यावर लिहिलं, "माणूस दिसतो तसा नसतो." तीही तसलीच. ताई, मला दुसरं काही लिहिताच येत नाही असं मला त्या दिवशी वाटलं. इतकी वर्षं मी मेलेल्या माणसांच्या तोंडावर डोळा मारत आलोय आणि त्यातल्या किती जणांच्या घरी अशी फाडलेली चिठ्ठी असेल ते मला ठाऊक नाही.

आमच्याकडे आरोग्याचं सदर लिहिणाऱ्या डॉक्टरीणबाई आहेत. कुणाचं नाव न घेता त्यांना विचारलं. म्हणाल्या, ज्या बाईला मूल होणार आहे तिला हे कळायलाच हवं. तपासायचं की नाही हा तिचा प्रश्न, पण प्रश्न आहे हे तरी तिला कळू द्या. दुसऱ्याने तिच्या वतीने ठरवायचं नाही.

तुम्ही दोघांनी तिच्यासाठी जे केलं ते करायला छाती लागते. माझ्याच्याने ते झालं नसतं. पण भाऊजींनी तिला भीतीपासून वाचवलं आणि त्या बदल्यात तिचा बाप गेला. तो तिला परत द्यायचा तर भीतीही द्यावी लागणार. दुसरा मार्ग मला दिसत नाही, दिसत असेल तर सांग.

तू वाट बघत बसशील हे मला माहीत आहे. म्हणून आज सकाळी मी तिला दोन ओळी टपालात टाकल्या. "ते वाक्य खोटं आहे. तुझे बाबा दारू पीत नव्हते. बाकीचं आई येऊन सांगेल." तू मला कधीच माफ केलं नाहीस तरी चालेल. पण जा.

धाकटा

२७ एप्रिल

मामा,

आई येऊन गेली. तुझ्या दोन ओळी मिळाल्यापासून ती येईपर्यंत सहा दिवस गेले, ते कसे गेले ते मी लिहिणार नाही.

ती सकाळच्या बसने आली. हातात बाबांच्या सामानाचं खोकं. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि पाणी पिऊन पहिल्यांदा म्हणाली, "तुला कितवा?" मी म्हटलं, "सहावा लागेल." मग तिने सगळं सांगितलं, एकदाही न थांबता, डब्यावरचं नाव वाचावं तसं.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

म्हणाली, "तू सुखाने झोपत होतीस."

"मी सुखाने झोपत नव्हते, आई. मी बाबांचा राग करत झोपत होते."

"राग उतरतो, बाळ. हे उतरत नाही."

मी ओरडले तिच्यावर. वाटेल ते बोलले. म्हटलं, तुम्ही दोघांनी मिळून मला बापाला लाथ मारायला लावलीत. ती म्हणाली, "हो." नुसतं हो. संध्याकाळी तिने बाबांच्या गुण्या मला दिल्या. मी त्या कपाटात ठेवल्यात, अजून हातात घेतल्या नाहीत.

तुझाही राग आलाय मला. खोट्याचा आला, आणि त्या दोन ओळींचाही आला. कटिंगला आम्ही एका वेळी चाळीस थर कापतो. परवा मशीन हातात घेतलं आणि हात थांबला. थरथरला नाही, थांबला. बाबा म्हणाले होते तसं झालंय, मी रोज सकाळी हात बघते. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

तपासणी करायची की नाही आणि केव्हा, ते मी ठरवेन. त्यावर मला कुणी पत्र लिहू नका.

पण दुरुस्ती छाप. माझ्यासाठी थांबू नको. आणि त्यात "दीर्घ आजाराने" असं लिहू नको, तोही डोळा मारणंच झालं. आजाराचं नाव लिही. नवरा म्हणाला, "नाव छापलं की लोक तुझ्याकडे बघायला लागतील, पोटाकडे बघतील." मी म्हटलं, बाबांकडे सहा वर्षं बघत होते. आता थोडे दिवस माझ्याकडे बघू देत.

मुंगी

५ मे

प्रिय मुंगी,

संपादक म्हणाले, मृत्युवार्तेची दुरुस्ती कोण वाचतं, आतल्या पानावर दोन ओळी टाक आणि सोड. मी म्हटलं, चूक जिथे आणि जेवढ्या अक्षरात छापली तिथेच आणि तेवढ्याच अक्षरात दुरुस्ती येईल, नाहीतर मी आज घरी जातो. मी त्यांच्याशी मोठ्याने बोलल्याला किती वर्षं झाली ते आम्हा दोघांनाही आठवेना. रविवारी छापून येईल. मजकूर असा आहे.

"पाणीपुरवठा खात्यातील ड्राफ्ट्समन (इथे तुझ्या बाबांचं नाव येईल) यांच्यावर या सदरात गेल्या फेब्रुवारीत लिहिताना त्यांना दारूचे व्यसन असल्याचे मी सुचवले होते. ते खोटे आहे. ते दारू पीत नव्हते. त्यांना हंटिंग्टन हा मेंदूचा आजार होता. या आजारात तोल जातो, बोलणे जड होते, हातपाय आणि चेहरा आपोआप हलतात. हा आजार आईवडिलांकडून मुलांकडे येऊ शकतो. आपल्या मुलीला ती भीती वाटू नये म्हणून त्यांनी सहा वर्षे लोकांची बोलणी ऐकून घेतली. मी त्यांचा मेहुणा आहे. आठवड्यातून एकदा त्यांच्या शेजारी बसून जेवत होतो आणि मला हे कळले नाही, कारण मी विचारले नाही."

त्यात एकही शब्द चांगला जमलेला नाही. तू सांगितलंस तर अजून बदलेन. 'स्मरण' सदर मी सोडलंय. मला बाजारभाव दिलेत. कांदा किती आणि बटाटा किती, त्यात डोळा मारायला जागा नसते.

तू मागितलेलं वाक्य मला करता आलं नाही. मूल विचारेल तेव्हा आईला सांगायला लाव. ती डब्यावरचं नाव वाचल्यासारखं सांगते, तसंच बरं.

मामा

१६ मे

प्रिय धाकट्या,

मुंगी रविवारी पहाटे आली आणि चार दिवस राहून आज गेली.

पेपर आला तेव्हा ती चहा पीत होती. तिने वाचला, घडी घातली आणि माझ्याकडे दिला. दुपारभर यांचे जुने नकाशे काढून बसली होती. एका नकाशावरून बोट फिरवत म्हणाली, "आई, ही रेघ कुठे हलली ते दिसत नाही गं." मी म्हटलं, "तो आधीचा आहे." मग तिला नंतरचा दाखवला. तो तिने बराच वेळ धरून ठेवला आणि जाताना मागून घेतला.

पहिले दोन दिवस कुणी दारात आलं नाही. मला वाटलं होतं चार माणसं येतील, काही बोलतील. लोकांना लाज वाटत असेल, नाहीतर त्यांनी वाचलंच नसेल. मंगळवारी आम्ही दोघी औषधांच्या दुकानात गेलो. दुकानवाल्या बाई काउंटरच्या मागून बाहेर आल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "आम्हाला काय ठाऊक हो. आम्ही उगाच काहीबाही बोलत राहिलो." त्यांचे डोळे भरले होते, मला त्यांचा राग आला नाही. मग त्यांची नजर मुंगीच्या हातांवर गेली, तिथून पोटावर. मुंगी समोर उभी असताना त्यांनी मलाच हळू आवाजात विचारलं, "आणि हिचं काय?"

मी तोंड उघडलं. सहा वर्षांची सवय, काहीतरी सारवासारव केली असती. पण मुंगी म्हणाली, "मला विचारा ना, मी इथेच आहे. अजून कळलं नाही. कळलं तर सांगेन." अगदी साध्या आवाजात. आणि लोहाच्या गोळ्या मागितल्या.

परत येताना ती माझ्या पुढे चालत होती. ताठ, यांच्यासारखी, आधीच्या यांच्यासारखी. पोस्टाच्या कोपऱ्यावर ती अडखळली. पडली नाही, खांबाला धरून सावरली. मी तिच्यापाशी पोचले. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही. दोघींनी खाली बघितलं. फुटपाथची फरशी एका बाजूने उचललेली होती. मी ती पायाने दाबून बघितली. हलत होती. मग तिनेही दाबून बघितली.

तुझी
ताई